मागचा परवा, पुढचा परवा

ऐंशीनंतरची गोष्ट. नर्सच्या ट्रेनिंगसाठी मला ब्रह्मपुरीहून मुलाखतीचं बोलावणं आलं आणि नेमका त्याच आठवड्यात गावात एक भविष्यवाला येऊन टेकला. दोन दिवस तो चहाच्या टपरीवर नुसता बसून होता. तिसऱ्या दिवशी आमच्या ओसरीवर आला.

बाबांनी छप्पन साली दीक्षा घेऊन घरातले देव नदीत सोडले होते. भीती मात्र घरातच राहिली होती. भविष्यवाल्याने सांगितलं, तुमचा धाकटा भाऊ साप चावून गेला, गेल्या पावसाळ्यात म्हैस मेली. सगळं खरं. बाबांचा चेहरा उतरला. मग तो हळूच पुढचं सांगण्याकडे वळला.

"भाऊ, पोरीले औंदा शिवेबाहेर जाऊ देऊ नका. ग्रह आडवा हाय."

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "राहू दे माय. पुढच्या साली पाहू."

पुढच्या साली माझं लग्न झालेलं असणार, हे मला ग्रह न बघताही कळत होतं. मी भयंकर चिडले. मागचं काय, टपरीवर दोन दिवस बसलं की सारा गाव सांगतो. पुढचं कुणी पाहिलंय? पण हे बाबांच्या गळी कसं उतरवणार? मी भविष्यवाल्यासमोर जाऊन बसले.

"माझंबी मागचं सांगा."

त्याने डोळे मिटले. "परवा तू ब्रह्मपुरीले मुलाखतीले गेलतीस. साहेबानं तुले घेतलं नाई. ग्रह, दुसरं काय."

क्षणभर मला उमजेना. मग आठवलं. त्याच सकाळी पाणी भरायला जाताना मी टपरीवालीला म्हणाले होते, "परवा ब्रह्मपुरीले मुलाखत." एवढंच, आणि हा तिथेच चहा पीत बसला होता. आपल्या भाषेत परवा मागेही असतो आणि पुढेही, आणि हा शहाणा भलत्याच बाजूचा परवा उचलून आला होता.

"महाराज," मी म्हटलं, "तो परवा अजून यायचा हाय."

बाबा असे हसले की शेजारचे कुडावरून डोकावले. भविष्यवाला दक्षिणेच्या तांदळाची वाटही न बघता उठला. मला तर ओसरीवरच नाचावंसं वाटत होतं.

डोळे पुसत बाबांनी विचारलं, "परवा सकायची पहिली एस्टी कितीले हाय?"

मुलाखतीत माझी निवड झाली. पुढे भामरागडच्या दवाखान्यात अवघडलेल्या बाया मला विचारायच्या, मुलगा होईल की मुलगी? मी म्हणायची, झालं की सगळ्यात आधी मीच सांगेन. माझं हे भाकीत कधी चुकलं नाही.