हिरव्या मोटारीखालचं लिंबू

…तर ती नारिंगी गाडी विल्होळीच्या गतिरोधकावर पोट टेकून बसली, इथवर काल आपण आलो होतो. मग चहा आला आणि राहिलं.

गाडी कसली, जमिनीला चिकटलेली घोरपडच. दारं वरच्या अंगाला उघडायची. आत मुंबईचा एक तरणा माणूस डोक्याला हात लावून बसलेला आणि मागं ट्रकवाले हॉर्न बडवतायत. आमच्या वाल्मीकनं पिकअप कडेला घेतली. द्राक्षांचे क्रेट उतरवले, तळाच्या फळ्या उपसल्या, चाकांपुढं चढ करून दिला आणि गाडी अलगद पार करवली. तो माणूस म्हणाला, "काका, काय देऊ तुम्हाला?"

वाल्मीक म्हणाला, "काय नको साहेब. एकडाव हात लावू का?"

हा हात लावण्याचा प्रकार मी त्याच्या शेजारच्या सीटवर बसून इतक्यांदा पाहिलाय की काय सांगू. वाल्मीक सायखेड्याचा, माझ्या घराला घर लागून. शाळा अर्धवट सोडली, ट्रॅक्टरवर हात बसवला आणि मग जन्मभर लोकांची द्राक्षं वाशीला न् सुरतेला पोचवली. वाटेत कुठं वेगळी गाडी दिसली की हा ब्रेक मारणार. नाशिक रोडला स्टेशनबाहेर एकदा तीन चाकांची विलायती गाडी उभी होती, अंड्यासारखी. एक म्हातारं गोरं जोडपं तिच्यातून जग बघायला निघालेलं. वाल्मीकनं त्यांना खुणेनं विचारलं, बॉनेटवर तळवा टेकवला, वाकला आणि हळूच म्हणाला, "काय म्हणतीस गं?" मग कान देऊन थांबला. गोरी बाई हसून हसून लाल झाली.

त्याची बायको बायडाबाई मला म्हणायची, "आबा, लग्नाला एवढी वर्षं झाली. मला कधी इचारलं नाय ह्यांनी, काय म्हणतीस म्हणून."

"तू न इचारता बोलतीस की," वाल्मीक म्हणायचा. "त्या बोलत नायत, म्हणून इचारतो."

हसायच्या गोष्टी आहेत ह्या, आणि मी शंभर सांगीन. पण दिंडोरीची हिरवी मोटार आठवली की माझं हसू जिथल्या तिथं थांबतं.

हंगाम संपला होता. रिकामे क्रेट परत द्यायला आम्ही दिंडोरीला योगेशच्या मळ्यात गेलो होतो. योगेश तरणा बागायतदार, मनाचा मोकळा. म्हणाला, "मामा, तुम्हाला एक चीज दाखवतो." मळ्याच्या टोकाला पत्र्याची शेड होती. त्यानं दाराची कडी ओढली तर कडीचा चुरा होऊन हातात आला. लोखंडाची कडी बरं का, बिस्किटासारखी. योगेशनं हात झटकले न् दार ढकललं.

आत फवारणीच्या मोरचुदाची पोती छतापर्यंत. निळा भुगा जमिनीवर, भिंतीवर, कोळ्याच्या जाळ्यांवरसुद्धा. घशात खवखवायला लागलं. आणि मधोमध ती. लांबलचक, बिनटपाची, अमेरिकेहून कधीकाळी आलेली, स्टेअरिंग डाव्या अंगाला. योगेशच्या आजोबांनी हौसेनं घेतलेली. ते गेले आणि गाडी तिथंच राहिली. योगेशनं इंजिन दुरुस्त करून घेतलं होतं, वरून नवा रंग दिला होता, रावा पोपटाच्या पाठीसारखा. खालून कोणी पाहिलं नव्हतं.

वाल्मीकनं तळवा टेकवला. "काय म्हणतीस गं?"

पत्रा उन्हानं तडकलेला ऐकू येत होता, इतकं शांत. मला उगीच वाटलं, बाहेर जावं. वाल्मीकचे डोळे मात्र भरून आले होते. योगेशनं किल्ली दिली तसा तो अंगणात दोन फेऱ्या मारून आला आणि उतरायच्या आधीच बहिणीला फोन लावला.

"लते, अमोलचा परण्या ह्याच गाडीतनं. मी सोता चालवणार. घोडं सांगू नको."

आमच्याकडं लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला जातो, तो परण्या. अमोल हा वाल्मीकचा सख्खा भाचा. लताबाई गावातच दिलेली. फोनवर ती एवढ्यानं ओरडली की आनंद मला पलीकडं ऐकू आला. दोन दिवसांत सगळ्या भावकीला ठाऊक झालं.

लग्नाच्या दिवशी सकाळी योगेशनं मोटार ट्रकवर लादून आणली आणि वेशीपाशी उतरवली. आता आमचं गाव ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगतो. वेशीपासून रस्ता गोदावरीकडं उतरत जातो. आधी कळत नाही इतका, मग एकदम. दोन्ही अंगांनी घरं, ओट्यावर म्हाताऱ्या, आणि तळाला मारुती. मोटारीचं तोंड खाली. तिच्यापुढं बँडवाले, त्यांच्यापुढं नाचणारी पोरंपोरी, त्यांच्याही पुढं कलश घेतलेल्या बाया. अख्खं गाव उतारावर, आणि वर ती हिरवी मोटार, हारांनी मढवलेली. हँडब्रेक ओढून, इंजिन बंद करून उभी. अमोल मागच्या सीटच्या पाठीवर उंच बसलेला, फोटो चाललेले.

लताबाईनं मोटारीला ओवाळलं, नारळ फोडला आणि चारी चाकांपुढं चार लिंबं ठेवली. नव्या गाडीला करतात तसं. ड्रायव्हरनं गाडी हाकायची, लिंबं चिरडायची, नजर उतरली. ड्रायव्हर तर अजून माझ्यापुढं उभा राहून फेटा बांधून घेत होता.

तेवढ्यात बाया ओरडल्या, "अगं बया! लिंबू फुटलं! आपोआप फुटलं!"

पुढच्या चाकाखालचं लिंबू चपटं झालं होतं. रस धुळीत पसरत होता.

"गडावरच्या देवीआईनं गाडी मानून घेतली," लताबाई म्हणाली आणि बॉनेटला हात जोडले. बायांनी कुंकू उधळलं. बँडवाल्यांना तेच पाहिजे होतं, त्यांनी ढोल असा उचलला की विचारू नका. गर्दीत मीही हात जोडले. सगळ्यांनीच जोडले.

एकट्या वाल्मीकनं जोडले नाहीत. अर्धा फेटा खांद्यावर लोंबत, तो चाकापाशी जाऊन उकिडवा बसला.

"कोणी ढकलली का रे?"

"कोण ढकलंल, मामा? आईनंच…"

त्यानं ताटातलं अजून एक लिंबू उचललं, चाकाला अगदी भिडवून ठेवलं आणि बघत राहिला. मीही वाकलो. आधी काहीच नाही. मग लिंबाच्या सालीला एक बारीक वळी पडली. मग दुसरी. लिंबू हळूहळू, अगदी हळूहळू बसत गेलं, जसं कोणी अंगठ्यानं दाबतंय. साल फाटली. वर ढोल घुमत होते, पोरी गिरक्या घेत होत्या, आणि खाली ते चाक आपल्या आपण पुढं येत होतं.

"आबा, धोंडे आणा," वाल्मीक म्हणाला. आवाज त्याचा नव्हताच तो.

आम्ही दोघांनी धोंडे लावले. मग त्यानं वर चढून पायानं ब्रेक दाबून पाहिला. ब्रेक आधी जरा अडला, मग खाली जात जात तळाला टेकला आणि वर आलाच नाही. वाल्मीक तसाच बसून समोर बघत राहिला. समोर सगळं गाव नाचत होतं.

"अमोल, खाली उतर."

"मामा, फोटो चाललेत ना!"

"उतर म्हणतो ना रे!"

बँड थांबला. लताबाई ताट घेऊन धावत आली. "दादा, काय झालं?"

"गाडी सरकतीय. ब्रेक नाय हिला."

"कुठं सरकतीय? हाय तिथंच तर उभी हाय. आईनं कौल दिला न् तू असं अभद्र बोलतो?"

योगेशचं तोंड उतरलं. "मामा, मी रोज फिरवतो हिला. तुम्हीच चालवली की."

"तुझं अंगण सपाट हाय, बाबा."

गर्दीतून कोणीतरी टोला हाणला, "मामा भ्याला! पिकअपशिवाय येतंय काय त्याला!" सगळे हसले. लताबाई हसली नाही. हळू आवाजात म्हणाली, "भावकीत सांगून बसले रे मी. घोडं नाय सांगितलं तुझ्यापायी. आता पोराला पायी नेऊ?"

वाल्मीकचा हात स्टेअरिंगवर होता. हा हात मी ओळखतो. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांना परवानगी मागून टेकलेला. हिच्याबाबतीत परवानगी मागायची नव्हती. नुसतं 'धोंडे काढा' म्हणायचा अवकाश, गाडी त्याची होती.

तो उतरला आणि आपली पिकअप घेऊन आला. मागं सतरंजी टाकली, हिरव्या मोटारीवरचे हार काढून पिकअपवर चढवले.

"नवरदेवाला वाशीला पाठवा रे, भाव बरा मिळंल!" पुन्हा हशा. अमोल खाली मान घालून क्रेटवर बसला. पाया पडून आला, लग्न लागलं, पण लताबाई भावाशी बोलली नाही. मोटार संध्याकाळच्या आत ट्रॅक्टरनं मागं ओढून ट्रकवर चढवली.

आठवड्यानं योगेश आला. वाल्मीकच्या ओट्यावर बसला, पाणीसुद्धा मागितलं नाही. कागदात गुंडाळलेला एक तुकडा त्यानं वाल्मीकपुढं ठेवला. मेस्तरीनं मोटार उचलली तर हँडब्रेकची तारही मोरचुदानं खाल्लेली, आणि ही खालून काढलेली ब्रेकची नळी. वाल्मीकनं ती चिमटीत धरली तर निळसर भुगा होऊन गळाली, शेडच्या कडीसारखी.

लताबाई तेव्हा बायडाबाईकडं आलेली, दारातच होती. तिनं तो भुगा पाहिला. मग वळून रस्त्याकडं पाहिलं, वेशीपासून थेट मारुतीपर्यंत. उतारावर गल्लीतली पोरं खेळत होती. ती आत गेली आणि बायडाबाईला म्हणाली, "वहिनी सरका, दादाचा चहा मी करते."

योगेश गेल्यावर मी वाल्मीकला विचारलं, "जन्मात एकदा हाती आलेली गाडी सोडलीस. जीव नाही तुटला?"

त्यानं तळव्यावरचा निळा भुगा झटकला आणि म्हणाला, "तुटला की आबा, लय तुटला. पण एवढ्या गाड्यांना इचारलं, काय म्हणतीस, आन बोलली ती एकटीच. योगेशला सांगून ठेवलंय, पायपा बदलल्या की पहिली फेरी माझी. फक्त रस्ता सपाट पायजे, आन पुढं एक बी माणूस नको."