न्यायला ये म्हणायचं नाही

बाभुळगावात प्रभावतीबाई मुनेश्वरांना नावानं हाक मारणारं माणूस शोधून सापडायचं नाही. सगळ्यांच्या त्या 'अंगणवाडीच्या बाई'. एकतीस वर्षं त्यांनी गावची पोरं काट्यावर तोलली, आणि ती मोठी झाल्यावर त्यांचीही पोरं तोलली. त्यांच्या हाताखाली भुरीबाई राठोड मदतनीस. ती तांड्यावरून चालत यायची, खिचडी शिजवायची आणि बाईंना इतर कुणी जे बोलायला धजत नसे ते तोंडावर सुनवायची. दोघी एकाच वर्षी निवृत्त झाल्या आणि आठ दिवसांत दोघींनाही घर खायला उठलं.

फिरायला जायची टूम बाईंची. एकतीस वर्षं पोरांना तक्त्यावरचा निळा पट्टा दाखवून 'हा समुद्र' म्हणून शिकवलं, आणि स्वतः बेंबळेच्या धरणापलीकडे मोठं पाणी पाहिलेलं नाही, याची त्यांना आता लाज वाटू लागली होती.

पुण्यात नोकरीला असलेला मुलगा रवी हबकलाच. वडील गेल्यापासून त्याचं एकच टुमणं होतं, आईनं गावचं घर बंद करून त्याच्याकडे यावं. बाईंना पुण्याचं घर वाईट वाटत नव्हतं. पण तिथं त्या कुणाच्याच बाई नव्हत्या, आणि हे रवीला सांगून समजत नव्हतं.

"जा तू," शेवटी तो फोनवर म्हणाला. "पण रोज सात वाजता फोन करायचा. नाई आला तर मी निघालो समज. अन् एकदा जरी 'न्यायले ये' म्हटलं ना आई, तर घराले कुलूप. मंग पुण्यालेच राह्यचं."

"मंजूर," बाई म्हणाल्या. म्हणाल्या खऱ्या, पण फोन ठेवल्यावर एकदा सगळ्या घरभर फिरून आल्या.

नात खुशीचं जुनं दप्तर बाईंच्या पाठीवर चढलं. त्यावर गुलाबी बाहुलीचं चित्र होतं. भुरीबाईनं बियाण्याच्या पिशवीला दोन पट्टे शिवले आणि तीही पाठीवर घेतली. एसटीचा सात दिवसांचा पास काढून दोघी निघाल्या, तेव्हा स्टँडवरची कॉलेजची पोरं फिदीफिदी हसली.

"हसा रे हसा," भुरीबाई म्हणाली. "तुमचं वजन बाईनं केलं हाय, खिचडी म्या चारली हाय."

दौलताबाद किल्ल्याच्या अंधाऱ्या वाटेत भुरीबाईनं बाईंचा पदर गच्च धरून ठेवला, आणि बाहेर उजेडात आल्यावर म्हणाली, "लय घाबरल्या तुम्ही." साताऱ्याकडे उसाचे फड दिसायला लागले तशी ती खिडकीला चिकटली. लहानपणी मायबापासंगं ऊसतोडीला ती याच रस्त्यानं यायची. "टरकातून पाह्यला हा देश," ती म्हणाली. "उतरून पहिल्यांदा पाहून राह्यली." महाडला चवदार तळ्याच्या पायरीवर बाई कितीतरी वेळ बसल्या. ओंजळीत पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं. तेवढा वेळ भुरीबाई एक शब्द बोलली नाही, आणि तिला ओळखणाऱ्या कुणालाही हे खरं वाटणार नाही.

पाचव्या दिवशी दापोलीकडच्या एका खेड्यात उतरून, सुरूच्या बनातून त्या पुढे गेल्या आणि समोर समुद्र आला. तो तक्त्यासारखा निळा नव्हता, चांगला मातकट होता, आणि कुठं संपतच नव्हता. बाईंना एकदम रडू आलं. कशाचं, ते त्यांना सांगता आलं नसतं.

मग नदीवर गेलेलं माणूस करतं तेच दोघींनी केलं. पाणी बरंच लांब होतं. कोरड्या वाळूत एका खडकाशी पाठीवरचं ओझं उतरवलं, चपला त्यावर ठेवल्या, आणि शिंपले वेचत चालत सुटल्या. बेंबळेचं पाणी वाढायचं तर आधी कुठं तरी पाऊस पडतो, गावात कुणी तरी ओरडून सांगतं. आभाळ लख्ख असताना पाणी आपण होऊन चालत येतं, हे ना रजिस्टरात होतं ना तक्त्यावर. तासाभरानं मागे वळल्या, तर खडक अर्धा बुडालेला आणि खुशीची बाहुली लाटेवर तरंगत असलेली.

भुरीबाई लुगडं खोचून पाण्यात शिरली. तिनं समुद्राला दिलेल्या शिव्या तांड्यावरच्या गोरबोलीत होत्या, तेव्हा त्या राहू देत. दोन्ही दप्तरं हाती लागली. पण बाईंचा फोन गेला होता, पासाचा लगदा झाला होता, आणि चपला समुद्रानं ठेवून घेतल्या होत्या.

बाई वाळूत बसून राहिल्या. सातला फोन करायचा होता. रवी 'येऊ का?' म्हणेल आणि आपल्या तोंडून 'ये' निघून जाईल, याची त्यांना धास्ती वाटली. खरं सांगायचं तर त्या घटकेला त्यांना तो हवाच होता. पण घराच्या दारावरचं कुलूपही दिसत होतं.

"रडून काय राह्यल्या, बाई?" भुरीबाई पदर पिळत म्हणाली. "या गावात अंगणवाडी असनच ना!"

हे भुरीला सुचावं आणि आपल्याला नाही, याचा बाईंना जरा रागच आला.

देवळामागे कौलारू खोली होती. दारातून तोच तक्ता दिसत होता, कोपऱ्यात तोच काटा. समीक्षा नावाची तरुण सेविका नुकती कुलूप लावत होती. अनवाणी, चिंब भिजलेल्या दोन म्हाताऱ्या पाहून ती दचकली.

"भरतीचं पाणी ठाव नाय तुमाला? कुठल्या तुम्ही?"

"बाभुळगावची सेविका हाय मी," बाई म्हणाल्या. "एकतीस वर्षं. अन् ही माही मदतनीस."

समीक्षानं लावलेलं कुलूप काढलं.

संध्याकाळपर्यंत तिच्या अंगणात दोघींचे कपडे वाळत होते. तिचं बोलणं बाईंना निम्मंच कळत होतं, पण मोबाइलात माहिती भरायचा वैताग आणि मानधनाची वाट पाहणं काही समजावून सांगावं लागलं नाही. भुरीबाईनं चुलीचा ताबा घेतला आणि आपल्याकडच्या तिखटाची खिचडी केली. समीक्षाच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी तिनं दुसऱ्यांदा वाढून घेतली.

"पास तर गेला," भुरीबाई कमरेची पैशांची पिशवी चाचपत म्हणाली. "मंग सात दिवसाचं बंधन कायले? बायांले अर्धंच तिकीट हाय."

बाईंनी लगेच समीक्षाला विचारलं, इथून खाली पाहण्यासारखं काय आहे.

सातच्या ठोक्याला त्यांनी समीक्षाच्या फोनवरून रवीला फोन लावला. त्याचा नंबर फॉर्मांवर भरून भरून पाठ झाला होता.

"हा कोनाचा नंबर हाय? तुहा फोन काहून बंद हाय?"

बाईंनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

"तिथंच थांब. मी निघतो, सकाळी पोचतो."

भुरीबाईनं हातातल्या पळीचा आवाज थांबवला.

"रवी," बाई म्हणाल्या, "न्यायले ये म्हणून नाई केला फोन. चार दिवस उशीर होईन म्हणून केला. खाली मालवण हाय म्हणते, थे पाहून येतो आम्ही."

मग रवीनं विचारलं, लहान असताना विचारायचा तसं, "आई, समुद्र कसा हाय?"

"सांगून नाई समजत, बापा. खुशीले घेऊन ये एकदा. न्यायले नको येऊ, पाह्यले ये." बाईंनी डोळे पुसले. "अन् आयक, घराची किल्ली शेजारच्या शकुबाईपाशी हाय. तिले सांग, अजून चार दिवस कोंबड्यायले दाणे टाक म्हणा. मंग मी हावोच."

"सांगतो," रवी म्हणाला.