मास्तरांच्या घरात दमायला बंदी

या जगात दमण्याचा अधिकार कुणालाच नाही, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझा घरमालक निघाला. ते उरणच्या शाळेत शास्त्र शिकवायचे. सगळा गाव त्यांना मास्तर म्हणे. साठ सालाच्या आसपास मी मिठागराच्या कचेरीत कारकून होतो. राहायला त्यांची मागची खोली आणि जेवायला त्यांच्याच घरी. एकदा उन्हातून चालत आलो आणि ओसरीवर टेकता टेकता 'दमलो बुवा' एवढंच तोंडून गेलं. झालं! मास्तरांनी माझे बूटसुद्धा सुटू दिले नाहीत. "दमलो म्हणू नका. प्राणवायू कमी पडला म्हणा," म्हणाले आणि सुरू झाले. अंगात कोट्यवधी पेशी, प्रत्येक पेशीत चुली, त्या चुलींत खाल्लेल्या भाताची साखर जळते. एकदम भडकून नाही, तर काडी काडी करून, आणि प्रत्येक काडीची ऊब पेशी साठवून ठेवते. जळायला प्राणवायू लागतो, तो पोचला नाही की चूल नुसती धुमसते, स्नायूंत आम्ल साठतं, "आणि त्याला तुम्ही अडाणी लोक दमणं म्हणता!" ऐकता ऐकता माझ्या होत्या नव्हत्या त्या चुली विझल्या.

या चुलींपायी त्यांनी उभ्या आळीला सळो की पळो करून सोडलं होतं. शेजाऱ्यांच्या खिडक्या ते परस्पर उघडत. बाहेर सुकट वाळत असायची, त्यामुळे प्राणवायूबरोबर जे काही घरात शिरे ते शिरे. जेवताना बोलायचं नाही, कारण श्वास वाया जातो. हा नियम ते जेवताना तासभर समजावून सांगत. माझ्या पानावर तर त्यांची करडी नजर. "भात आणखी घ्या, सरपण कमी पडेल." मास्तरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, मुकाट्याने वाढत. एकदाच त्या म्हणाल्या, "त्या पेशींना म्हणावं, विहिरीवरून दोन हंडे आणा." मास्तर मनापासून हसले आणि पुढचा घास घेतला.

पुढे वहिनी उंबऱ्यापाशी थांबून धापा टाकू लागल्या. मास्तरांनी घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. तरी धाप जाईना, तेव्हा उरलेलं माजघराचं दारही उघडलं. एके सकाळी त्या विहिरीवरच चक्कर येऊन पडल्या. डॉक्टरांनी त्यांची पापणी खाली ओढून मास्तरांना दाखवली. आत पांढरी फटक. "हवा ढीगभर आहे हो मास्तर. पण ती पेशीपर्यंत न्यायला अंगात रक्त नको का? आणखी महिनाभर असंच चाललं असतं तर हृदय थकलं असतं. या जेवतात काय?" मास्तर माझ्याकडे पाहू लागले. आम्ही उठल्यावर वहिनी मागाहून बसत, तशी रीतच होती, आणि त्यांच्या पानात काय उरतं ते त्या माणसाने कधी पाहिलंच नव्हतं. रक्तावरचा धडा मात्र दर साली शिकवला होता.

दुसऱ्या दिवसापासून त्या घरात पहिलं पान वहिनींचं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होई. पण मास्तर समोर बसून राहत, अळू, मासळी, गूळ-शेंगदाणे पोटात जाईपर्यंत हलत नसत. आणि हंडे ते स्वतः आणू लागले. विहिरीवरच्या आगरी बायका तोंडाला पदर लावून हसत. "मास्तर, तुमी कनाला पानी भरताव? ठेवा त्यो हंडा, आमी हाव ना!" मास्तर मान खाली घालून दोर ओढत राहत. घरात चुलींचं नाव बंद झालं. इतके महिने मी ज्या शांततेसाठी तळमळलो ती मिळाली, आणि मला ती सोसेना.

पावसाळा सरता सरता वहिनींच्या गालांवर थोडा रंग आला. एका संध्याकाळी वहिनी आणि मी ओसरीवर बसलो होतो. मास्तर खांद्यावर हंडा घेऊन आले, तो जेमतेम खाली ठेवला आणि पायरीवरच बसले. छातीचा भाता चाललेला. वहिनींनी हळूच विचारलं, "काय हो, प्राणवायू कमी पडला वाटतं?"

मास्तरांनी तोंड उघडलं. मला वाटलं, पेटल्या चुली! पण त्यांनी वहिनींकडे नुसतं पाहिलं.

"नाही गं," ते म्हणाले. "दमलो."

वहिनींनी आपल्या चटईवर त्यांना जागा करून दिली. मीही म्हटलं, "मास्तर, मीसुद्धा दमलोय आज." त्यांनी मान डोलावली. काही समजावलं नाही. मला फार चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.