सुधाच्या विमानातली खुर्ची

मंडळी, माझ्या चहाच्या कपाला आज वीरगती प्राप्त झाली. धाकट्या बहिणीने, सुधाने, त्यात रेझिन, म्हणजे वाळून टणक होणारं चिकट रसायन, कालवलं.

आमच्या आंब्याच्या शेडमध्ये ती स्वतः विमान बांधतेय. आज वैमानिकाच्या खुर्चीखालची पातळ फळी मजबूत करायची होती. मिरकरवाडा बंदरात होड्यांना लावतात तसं फायबरचं कापड, त्यावर रेझिन, पुन्हा कापड.

संध्याकाळी वाळल्यावर म्हणाली, "दादा, उभा राहा हिच्यावर. तुझ्या वजनाचा एकदा तरी उपयोग होऊ दे."

राहिलो. सकाळी बोटाने वाकणारी फळी कुरकुरलीसुद्धा नाही. संस्कृतात विमानांची वर्णनं पुष्कळ वाचली, पण कापडाचा दगड होताना आजच पाहिला.

"पटलं आता?"

फळीचं पटलं. पण त्या खुर्चीत सुधा एकटी बसून वर जाणार, आणि खाली उभं राहून ते बघायची मला खरंच भीती वाटते.