पंचावन्न लिटर समुद्र

समुद्राच्या पाण्याची टाकी घरात ठेवायची तर एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. वाफ होते ती पाण्याची, मिठाची नाही. म्हणून रोज जेवढं पाणी उडतं तेवढं गोडं पाणी वरून घालायचं. आमच्या टाकीतून उन्हाळ्यात रोज पाऊण लिटर उडतं. टाकी दोन फूट लांब. वाळू आणि दगड वजा जाता आत पाणी पंचावन्न लिटर. कुवेंपुनगरातल्या आमच्या घरात, हॉलमध्ये, खिडकीपासून लांब, तिला तीन वर्षं झाली होती. ते पाऊण लिटर पाणी मी स्वयंपाकघरातल्या फिल्टरमधून मोजून घेत असे. घरातले सगळे पितात तेच.

मुलगी पहिल्या बाळंतपणाला बंगळूरहून आली तेव्हा तिला सत्ताविसावा आठवडा चालू होता. टाकीशेजारची वेताची खुर्ची तिनं पहिल्याच दिवशी बळकावली. पाय स्टुलावर, हातात पाण्याचा तांब्या. डॉक्टरांनी रोज तीन लिटर पाणी प्यायला सांगितलं होतं आणि ती ते इमानानं पीत होती.

टाकीत सहा मासे होते. दोन नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे. तीन निळे. एक मातकट, वाळूत तोंड खुपसून बसणारा. मुलगी आल्यावर पाचव्या आठवड्यात एक निळा मेला. मी पाणी तपासलं आणि वहीत लिहिलं: अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट दहा, पीएच आठ पूर्णांक दोन, तापमान सत्तावीस. सगळं हवं तिथं. नऊ दिवसांनी वाळूतला मेला. त्यानंतर चार दिवसांनी दुसरा निळा. अंगावर डाग नाहीत, पंख फाटलेले नाहीत, पोट फुगलेलं नाही. आकडे पुन्हा तेच.

"नारळ फोड एक," आई म्हणाली. तिचं वय अठ्ठ्याहत्तर. "घरात समुद्र आणून ठेवलास, त्याला कधी हळदकुंकू तरी वाहिलंस?"

"समुद्र नाही आई. पाकिटातलं मीठ आहे ते."

"देवाला पाकीट दिसतं काय? सुम्ने बस, गप्प."

बायकोचं म्हणणं वेगळं होतं. "मासे मरतात हो. पण तुम्ही असं तोंड करून तिच्यासमोर बसू नका."

जयलक्ष्मीपुरमला माशांचं एक छोटं दुकान आहे. मीठ, खाणं मी तिथूनच आणतो. मी वही घेऊन गेलो. दुकानदारानं आकडे वाचले, वही मिटली आणि कन्नडमध्ये विचारलं, "गोगलगायी कशा आहेत?"

"आहेत."

"चालतायत का विचारतोय, सर. आहेत तर दगडही."

काचेवरचं शेवाळ खायला आठ गोगलगायी सोडल्या होत्या. वहीत माशांचे रकाने होते, गोगलगायींचा नव्हता. घरी येऊन चिमट्यानं एकेक शंख उचलला. आठही रिकामे. दोनांत अजून वास होता. कधी मेल्या, कोणत्या क्रमानं, काही सांगता येईना. ज्यानं रोज पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये लिहिली होती त्याला हे दिसलं नव्हतं.

दुकानदाराला फोन केला.

"आधी गोगलगाय जाते, मग मासा," तो म्हणाला. "म्हणजे पाण्यात धातू आहे, सर. वरून पाणी कुठलं घालता?"

"फिल्टरचं. आम्ही पितो तेच."

"मग ते तपासून घ्या," तो म्हणाला.

फोन ठेवला तेव्हा मुलगी खुर्चीतच होती आणि तांब्या तोंडाला लावलेला होता. माझ्या डोक्यात हिशोब आपोआप सुरू झाला. तिला येऊन सात आठवडे, म्हणजे एकोणपन्नास दिवस. टाकीत गेलं सदतीस लिटर. तिच्या पोटात एकशे सत्तेचाळीस. माशांच्या चौपट.

घर सव्वीस वर्षांपूर्वीचं. नळ कसले आहेत हे बांधतानाही मी नीट विचारलं नव्हतं. त्यात गेल्या महिन्यात रस्ता खणला होता आणि दोन दिवस पाणी तांबूस आलं होतं. मी न्हाणीघराचं दार लावून फोनवर जुन्या नळांतून पाण्यात उतरणाऱ्या शिशाविषयी वाचायला लागलो. मोठ्या माणसांचं वाचलं. पुढच्या परिच्छेदात 'गर्भ' हा शब्द दिसला आणि मी फोन बंद केला. बाहेर येऊन मी मुलीला म्हणालो, "फिल्टरचं सर्व्हिसिंग करायचंय. चार दिवस विकतचं पाणी पिऊ या." आणि तिच्या हातातला तांब्या घेतला. अर्धा भरलेला होता.

एका खाजगी प्रयोगशाळेत फिल्टरच्या पाण्याची बाटली दिली. टाकीतल्या पाण्याचीही नेली होती, पण खारं पाणी आमच्याकडे तपासत नाही म्हणाले. अहवाल चार दिवसांनी. त्या चार दिवसांत घरात वीस लिटरचा कॅन आला, आणि टाकीतही मी कॅनचंच पाणी घालायला लागलो. बायकोला खरं सांगितलं. तिनं डाळ धुता धुता नळ बंद केला आणि त्या डाळीकडे बघत राहिली. मग कॅनच्या पाण्यानं ती पुन्हा धुतली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुलीनं हाक मारली.

"अप्पा, फिल्टरला काय झालंय?"

"सांगितलं की. सर्व्हिसिंग."

"कार्डावर पुढच्या महिन्याची तारीख आहे. मी बघितली. तुम्ही कार्डाच्या आधी सर्व्हिसिंग करणारे नाही." मग आवाज उतरला. "माझ्या पाण्यात काय आहे?"

मी सांगितलं. जेवढं माहीत होतं तेवढं. ती रडेल असं वाटलं होतं. तिनं हातातलं भांडं स्टुलाच्या कडेला ठेवलं आणि बोटानं थोडं लांब सरकवलं.

"कॅनचंच आहे ते," मी म्हणालो.

"असू दे," ती म्हणाली. "डॉक्टरांनी लाथा मोजायला सांगितल्यात. दोन तासांत दहा यायला पाहिजेत. मोजायच्या का?"

मी घड्याळ आणि वही आणली. ती "एक" म्हणाली की मी वेळ लिहायचा. दोन आणि तीनमध्ये चौदा मिनिटं गेली. आईनं एकदा येऊन विचारलं, "काय खेळताय रे?" मुलगी म्हणाली, "सात." दहावी लाथ पन्नासाव्या मिनिटाला आली.

अहवाल मिळाला. शिसं, तांबं, लोखंड, जस्त, सगळं मर्यादेच्या आत. शिसं तर मोजता येण्याइतकंही नव्हतं. मी कागद तिथेच उभा राहून दोनदा वाचला आणि काऊंटरवरच्या बाईंना विचारलं, बाटली आमचीच ना? त्यांनी नंबर दाखवला. स्कूटर चालवत घरी येताना बऱ्याच दिवसांनी मला भूक लागली.

घरी आलो तर तिसरा निळा मासा पंपाच्या जाळीला चिकटलेला होता.

म्हणजे पाणी चांगलं होतं, चार दिवस टाकीत कॅनचंच जात होतं, आणि तरी मासा मेला होता. मग जे काही होतं ते टाकीतच होतं. दोन्ही नारिंगी मासे मी बादलीत, नव्या खाऱ्या पाण्यात, पंप लावून ठेवले. दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, टाकी उपसायला घेतली. एकेक दगड उचलून परातीत ठेवला. पंपाच्या वायरीसाठी झाकणाला मागच्या बाजूला दोन बोटं फट आहे. त्या फटीच्या बरोबर खाली, मोठ्या दगडामागं, वाळूवर काहीतरी निळसर हिरवं दिसलं. शेवाळ वाटलं. हातात घेतलं तर भोकाचा पैसा. जुना, तांब्याचा. खाली आणखी होते. एकूण आठ.

"ते माझं आहे," मागून आई म्हणाली. "ठेव परत."

"आई, हे तू टाकलंस?"

"मग काय आकाशातून पडलं? दर शुक्रवारी एक. ती आली तेव्हापासून."

"अगं पण कशाला?"

"कशाला म्हणजे? तुझ्या वेळेला सुखरूप सुटका व्हावी म्हणून तुझ्या आजीनं श्रीरंगपट्टणला जाऊन कावेरीत टाकलं. हिच्या वेळेला मी टाकलं. आता माझे गुडघे चालत नाहीत. तू नेत नाहीस, नेलंस तर गाडी थांबवत नाहीस. घरात समुद्र आहे. कावेरी शेवटी जाते कुठं?"

मी एक पैसा तिच्या तळहातावर ठेवला. तिनं अंगठ्यानं चोळला, नाकाशी नेला, आणि तिचा चेहरा बदलला.

"अय्यो. हे कळकलंय की रे."

कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, हे कुठल्याही घरात ठाऊक असतं. आईला जास्त ठाऊक होतं. आमचं घराणं मूळचं रंगाऱ्यांचं. ती नवी नवरी होऊन आली तेव्हा घरात अजून कापडं रंगवत, आणि रंग पक्का करायला मोरचूद वापरत. मोरचूद म्हणजे तांब्याचंच निळं मीठ. "ते पाणी गटारात ओतलं की बेडूक उलटे व्हायचे," ती म्हणाली. "लेकरांना त्या अंगणात येऊ देत नव्हतो आम्ही." मग टाकीकडे बघून, "मीच मारले काय रे?"

मी पैसे परातीत ठेवले.

"तिनं हात घातलेला काय त्यात?"

"नाही आई. खाणं वरून टाकायची. आणि फिल्टरचा यात काही संबंध नाही. ती सुखरूप आहे."

माझ्या अंगातली ताठ झालेली नस सैल होत होती, आणि समोर आई खुर्चीचा हात धरून हळूहळू खाली बसत होती. ती मासे आणि मोरचूद विसरली होती. "दिलेलं बाहेर काढलंस," ती म्हणाली. "अजून दिवस राहिलेत तिचे. आता कसं?"

"अज्जी, पाण्यात ठेवलं असतं तर विष, काढलं तर पाप," ऐकत ऐकत दारात आलेली मुलगी हसत म्हणाली. "मग मी काय करू, सांग. बाळाला विचारू?"

"बेडा, असं बोलू नको," आई म्हणाली. ती हसली नाही. दुपारी जेवलीही नाही.

त्या दुपारी बाळ हललं नाही.

अडीच वाजता मुलीनं ते पहिल्यांदा बोलून दाखवलं, सहज बोलल्यासारखं. तीन वाजता बायकोनं तिला डाव्या कुशीवर झोपवलं, साखर घालून दूध दिलं. साडेतीनला मी डॉक्टरांच्या नंबरवर बोट ठेवून उभा होतो. आई दारात होती. ती माझ्याकडे बघत होती, आणि मी, ज्याचा असल्या गोष्टींवर कधी विश्वास नव्हता, तिची नजर टाळत होतो. परातीत ते आठ पैसे होते. मी ते उचलून परत टाकीत टाकले असते. टाकी रिकामी होती म्हणून टाकले नाहीत.

चार वाजून पाच मिनिटांनी मुलगी म्हणाली, "एक."

तरी आम्ही रिक्षानं चामराजपुरमला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी यंत्र लावून ठोके ऐकवले: मिनिटाला एकशे चव्वेचाळीस. "झोपतात हो बाळंसुद्धा," त्या म्हणाल्या. त्यांना टाकीतल्या पैशांचं काही सांगितलं नाही.

घरी आल्यावर आईनं चिंच लावून आठही पैसे घासले. लालबुंद निघाले. ते एका डबीत घालून तिनं माझ्या हातात दिले. रविवारी सकाळी स्कूटर काढली आणि श्रीरंगपट्टणला गेलो. घाटाच्या पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. शेजारी कुणी पितरांचं पाणी सोडत होते. काय म्हणायचं ते आईनं सांगितलं नव्हतं. कोणासाठी ते सांग, एवढंच म्हणाली होती. मला म्हणता येण्यासारखं जे होतं ते म्हटलं. पस्तिसावा आठवडा. रक्तदाब एकशे दहा, सत्तर. हिमोग्लोबिन अकरा पूर्णांक दोन. बाळाचं वजन अंदाजे दोन किलो तीनशे, डोकं खाली. ठोके एकशे चव्वेचाळीस. एकेक आकडा आणि एकेक पैसा. आकडे संपले तेव्हा डबीत दोन पैसे उरले होते. तेही टाकले.

तेवढ्यात खिशात फोन वाजला. हात ओले होते. काढेपर्यंत चार वेळा वाजला, आणि त्या चार वेळांत मला घाट, माणसं, काही दिसत नव्हतं.

"येताना कढीपत्ता आणा," बायको म्हणाली. "आणि लवकर या. आई तुमच्यासाठी थांबल्यात, चहासुद्धा घेत नाहीत."

घरी पोचलो तेव्हा मुलगी रिकाम्या टाकीशेजारीच बसली होती. फिल्टरच्या पाण्याचा तांब्या पुन्हा स्टुलावर होता.

"काय सांगितलंत नदीला?"

"आकडे."

ती मोठ्यानं हसली. "सगळे?"

"बहुतेक."

"आणि तारीख? डॉक्टरांनी दिलेली?"

"ती नाही सांगितली."

"का?"

मी कढीपत्ता बायकोकडे दिला. तारखेला अजून अडतीस दिवस होते. झालेल्या गोष्टींचे आकडे माझ्याकडे होते. ही व्हायची होती, आणि ती तोंडानं उच्चारायची मला छाती झाली नाही. मुलीला मी म्हणालो, विसरलो. तिला ते खरं वाटलं नसणार. तिनं तांब्या उचलला, माझ्यापुढं धरला आणि म्हणाली, "आधी तुम्ही."

मी प्यालो. मग ती प्याली. आई चहाचा कप घेऊन आमच्याकडे बघत होती.