लाल उजेडात न दिसलेलं

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. फोन त्यांच्या सुनेचा, सुनीताचा. "बाई, तात्या गेले... सकाळी गोठ्यातनं आले, पाणी मागितलं आन्..." माझा नवरा विलास दारात चपला घालत होता. "कोण गं?" त्याने विचारलं. मी म्हणाले, "पणदऱ्याचे तात्या गेले." तो जरा थांबला, "बरं" म्हणाला आणि दुकानाला निघून गेला. त्या "बरं"चा मला संताप आला, आणि पाठोपाठ लाज वाटली. कारण सहा वर्षांपूर्वी मीच तोंड उघडलं असतं, तर हा फोन आल्यावर विलास माझ्याआधी पणदऱ्याला पोहोचला असता. आता दीड महिना झाला. तात्यांबद्दल चार चांगले शब्द लिहायला कुणालाही जमेल, पण माझं लपवून ठेवलेलं आधी सांगितलं नाही तर ते चारही शब्द खोटे ठरतील.

गंमत म्हणजे तात्यांना आमच्या घरात आणलं ते विलासनेच. इंदापुरात आमचं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. एके दिवशी धोतर-टोपीतला एक बागायतदार आला आणि त्याने जाड पाइपचा साडेचार फुटांचा तुकडा मागितला. "तात्या, एवढ्याशा तुकड्यातनं कुठल्या पिकाला पाणी देणार?" विलासने विचारलं. "पाणी न्हाय वो, शनी बघायचाय," तात्या म्हणाले. दुर्बिणीचा आरसा त्यांनी गोठ्यात, पिंपावर काच ठेवून, पिंपाभोवती फिरत फिरत स्वतः घासला होता. कित्येक महिने म्हशींनी तो उद्योग बघितला. विलासला माणूस इतका आवडला की त्याने पाइप स्वतः कापला, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि त्यांना जेवायला घरी घेऊन आला. मी विज्ञान शिकवते म्हटल्यावर तात्यांनी जेवता जेवताच मला आमंत्रण दिलं. त्या दुर्बिणीवर आमच्या दुकानाचं स्टिकर अजून आहे.

दर अवसेला आम्ही दहा-बारा जण सुप्याच्या पुढं एका मुरमाड माळावर जमायचो. दूध संकलनवाले, टोमॅटोवाले, एक निवृत्त तलाठी आणि मी. अवसेच्या रात्री बाई माळावर जाते म्हटल्यावर शेजारणींनी मला लिंबू-मिरची बांधायचीच बाकी ठेवली होती. "आमच्या बागायतीत पाणी हाय, पर अंधार न्हाय," तात्या म्हणायचे. "अंधार जिरायतातच पिकतो." आणि त्या अंधाराला ते पिकासारखंच जपायचे. माळावर पोचलं की सगळे दिवे बंद. वीस मिनिटं गप बसायचं, म्हणजे डोळे तयार होतात. त्यानंतर पांढरा उजेड म्हणजे पाप. प्रत्येकाच्या बॅटरीच्या तोंडाला लाल जिलेटीन कागद बांधलेला असायचा, कारण लाल उजेडाने डोळ्यांची तयारी मोडत नाही. कुणाचा चुकून मोबाइल उजळला तरी सगळा माळ त्याला शिव्या घालायचा, आणि त्यात मी सर्वांत पुढं.

ती रात्र पावसाळा सरतानाची. गवत अजून घोट्याला लागत होतं. बूट घालायची तात्यांची सक्तीच होती, पण मी शाळेतून परस्पर गेले होते आणि पायात चपला होत्या. तीन अवसा मी देवयानी दीर्घिका स्वतःच्या हाताने शोधायची म्हणून झगडत होते. त्या रात्री ती सापडली... एक पुसट ढग, पण माझा. नेमकं तेव्हाच घोट्याजवळ काहीतरी कचकन टोचलं. मी "आई गं" म्हणाले. तात्या बॅटरी घेऊन वाकले. त्या लाल उजेडात पाऊल स्वच्छ दिसत होतं. ना ओरखडा, ना रक्त. "कागद काढतो, बाई. नीट बघू," ते म्हणाले आणि त्यांनी गाठीला हात घातला. मी त्यांचं मनगट धरलं. "नको तात्या, सगळ्यांचे डोळे जातील. गोखरूचा काटा असेल." ते म्हणाले, "बघूया की." मी म्हणाले, "नको म्हणते ना." आणि पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला.

पायाची आग वाढत गेली तरी मी अर्धा तास कुणाला काही बोलले नाही. मग चपलेत पाय निसरायला लागला. तात्यांनी मला लंगडताना पाहिलं, आणि या वेळी विचारलंही नाही. सरळ कागद फाडला. पांढऱ्या उजेडात माझी चप्पल रक्ताने भरलेली होती. घोट्यावर दोन ठिपके, आणि त्यांतून रक्त वाहतच होतं, थांबायचं नाव नाही. लाल उजेडाने ते सगळं गिळून टाकलं होतं. "फुरसं," तात्या एवढंच म्हणाले. मला उचलून जीपमध्ये घातलं आणि बारामतीच्या रस्त्याला लागले. नजर रस्त्यावर होती, पण तोंड चालू होतं. "बाई, झोपायचं न्हाय. देवयानीच्या वर कोण?" शर्मिष्ठा. "ध्रुव कुठल्या हाताला?" डाव्या. "आन् कृत्तिका?" मला हिरड्यांतून रक्ताची चव यायला लागली होती. ते मी सांगितलं, तेव्हा त्यांनी प्रश्न थांबवले आणि गाडी आणखी जोरात सोडली. ती शांतता मला सापापेक्षा भयंकर वाटली. आपण मरणार, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

दवाखान्यात इंजेक्शनं सुरू झाली. पहाटे विलास इंदापुरातून आला. पडद्यापलीकडून मला त्याचा आवाज ऐकू आला. "अर्धा तास? अर्धा तास तुम्ही बॅटरी लावून पाहिलं नाही?" मग तात्यांचा आवाज. "माझी चूक हाय. बाई म्हनत हुत्या कागद काढा. मीच न्हाय म्हनलो."

मी जागी होते. एक हाक मारली असती तरी पुरलं असतं. पण मला विलास माहीत होता. हा हट्ट माझा होता हे कळलं असतं, तर तो माळ माझ्यासाठी त्याच पहाटे संपला असता. तात्यांनाही हे माहीत होतं, म्हणून तर ते खोटं बोलले. मी डोळे मिटून घेतले.

बरी झाल्यावर विलासने एकच अट घातली. गाडी तो चालवणार आणि तिथंच थांबणार. तेव्हापासून तो दर अवसेला रस्त्याच्या कडेला काचा लावून गाडीत बसायचा. दर वेळी तात्या स्टीलच्या एका कपात चहा घेऊन जायचे आणि बॉनेटवर ठेवून यायचे. विलासने तो कधी उचलला नाही. तात्या भरलेला कप परत आणायचे, गवतात ओतायचे आणि म्हणायचे, "फुडच्या बारीला घेतील." एकदा मी म्हणाले, "तात्या, मी सांगून टाकते." तर म्हणाले, "आन् मग दुर्बिनीला डोळा लावायला कोन, माझ्या म्हशी येनार व्हय? ऱ्हाऊ द्या." आणि मी राहू दिलं. तेच सोयीचं होतं.

त्या फुरशाच्या रात्रीपासून तात्यांनी बॅटऱ्यांच्या गाठी सोडून रबर लावले, एका झटक्यात कागद निघावा म्हणून. आणि एक रीत पाडली. नवा माणूस आला की खिशातून पांढरा कागद काढायचे. त्यावर कुंकवाचा ठिपका. तो लाल उजेडात धरून विचारायचे, "काय दिसतंय?" काहीच नाही. मग रबर ओढायचे, ठिपका लख्ख दिसायचा. "रगात बी असंच लपतं. काय टोचलं की आधी कागद काढायचा, मग आभाळ. मी चुकलो, तुमी चुकू नका." सहा वर्षं, माझ्यासमोर. मी दर वेळी आभाळाकडे बघायचे.

तात्यांनंतरच्या पहिल्या अवसेला दोन नव्या मुली आल्या होत्या. सुनीता दुर्बीण घेऊन आली होती. तिने तात्यांची बॅटरी आणि घडी घातलेला तो कागद माझ्या हातात दिला. "आता तुमीच दाखवा, बाई." मी गाडीपाशी गेले, काचेवर टकटक केली आणि विलासला म्हणाले, "पाच मिनिटं खाली ये." तो आला. मी लाल उजेडात कागद धरला. मुली म्हणाल्या, काहीच दिसत नाही. मी रबर ओढला. ठिपका दिसला. "तात्या कागद काढत होते," मी म्हणाले. "मी त्यांचा हात धरला. चूक माझी होती. ते खोटं बोलले, आणि मी सहा वर्षं बोलू दिलं."

विलास वळला आणि गाडीकडे चालत गेला. आता तो गाडी सुरू करेल म्हणून मी कान लावून उभी राहिले. दार उघडल्याचा आवाज आला नाही. तो बॉनेटपाशी उभा होता, तात्या कप ठेवायचे त्याच जागी हात टेकून. बऱ्याच वेळाने त्याने तिथूनच विचारलं, "सुनीता, तात्यांचा तो कप आणलायस का गं?"

तिने आणला होता, सवयीने. थर्मासमधला चहा ओतून ती अंधारात त्याच्याकडे घेऊन गेली. तो तिथं उभ्या उभ्या प्यायला. मग स्वतः चालत आला, कप माझ्या हातात दिला आणि माझ्याशी एक शब्दही न बोलता परत गाडीत जाऊन बसला. कप रिकामा होता.