शालूचा पाण्यातला कॉम्प्युटर

गंगेचा पूर उतरला की पायऱ्यांवर गाळ बसतो. तो पंपाने धुता तरी येतो. काशीत शिंदे घाटावर सकाळी पोहायला येणाऱ्या आम्हा म्हाताऱ्यांच्या डोक्यात जे किस्से साचलेत ते धुवायला कोणी येत नाही. म्हणून लिहून टाकतो. मी रेल्वेच्या कारखान्यात फिटर होतो, शाळा चौथीपर्यंत. ज्याला शुद्धलेखन तपासायचंय त्याने दुसरं काही वाचावं.

माझी शालू अंदमानात शाळेत पी.टी. शिकवते. एकुलती एक. तिची आई आता नाही. तिकडे तिला नाद लागला, पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात खोल उतरायचं आणि मासे बघायचे. मासे बाजारात दिसत नाहीत का, असं मी विचारलं. उत्तरादाखल पाकीट आलं. आत दोन छापील पानं, त्यावर दोन यंत्रांची चित्रं. मनगटावर बांधायचा डाइव्ह कॉम्प्युटर. तुम्ही किती खोल आहात, खाली अजून किती वेळ राहिलं तर धोका नाही, वर फार भराभर येताय का, हे तो सांगतो. क्लबात एकच होता, तो सगळे आळीपाळीने बांधायचे. ते चूक, कारण जो बांधतो त्याच्याच अंगाचा हिशेब तो ठेवतो. स्वतःचा हवा.

खाली शालूने लिहिलं होतं, "बाबा, यातला कुठला घेऊ? मशीन तुम्हालाच कळतं."

माझी झोप उडाली. रंधा, पंखा, शिलाईमशीन, कशाचंही सांगितलं असतं. इथे चुकलो तर पोरगी जाणार.

*

पहिलं मत काळ्यांचं. काळे बँकेतून रिटायर. त्यांच्या शाखेत शेवटी शेवटी कॉम्प्युटर आला होता. त्याला वेगळी खोली, एसी, दाराबाहेर चपला काढून आत जायचं. त्यांनी चित्र नाकाला लावून पाहिलं आणि म्हणाले, कॉम्प्युटरला गारवा लागतो, तापला की बंद पडतो.

मी म्हटलं, अहो, हा समुद्रात जाणार आहे. तिथे गारवाच गारवा.

काळ्यांनी पान उलटून मागची बाजू पाहिली. मग म्हणाले, "पण चपला कुठे काढायच्या?"

*

बचाऊ मल्लाह, घाटावरचा नावाडी, आमच्यातलाच. यात्रेकरूंची अंगठी, लोटा, काहीही पाण्यात पडलं की तो श्वास रोखून बुडी मारतो आणि काढून आणतो. तो हसला. म्हणाला, चाचा, वेळ झाली की कान सांगतात, घड्याळ कशाला?

त्याला मी सोड्याच्या दुकानावर नेलं. एक बाटली फटकन उघडायला लावली. फेस उसळून हातावर आला. दुसरी हळूहळू उघडवली. बुडबुडे निमूट निघून गेले. म्हटलं, टाकीतली हवा खोल पाण्यात रक्तात अशी मुरते. झटक्यात वर आलं की अंगात असा फेस होतो. श्वास रोखून जाणाऱ्याचं वेगळं, टाकीवाल्याचं वेगळं.

बचाऊने दोन्ही बाटल्या पिऊन टाकल्या. "समझ में थोड़ा-थोड़ा आ रहा है, चाचा. एक ठो और खोलवाइए."

*

आकडे पाण्याखाली दिसतात का, हे बघायला घड्याळ हवं होतं. काळ्यांनी त्यांचं लग्नातलं दिलं. वॉटरप्रूफ आहे म्हणाले. आम्ही गळाभर पाण्यात उभे राहून आळीपाळीने डोकं बुडवत होतो. गढूळ पाण्यात बारीक आकडे कोणालाच वाचता आले नाहीत, ठळक काटे तेवढे दिसले. म्हणजे आकडे मोठेच हवेत, एवढं ठरलं. वर आलो तर घड्याळाच्या काचेआड गंगा.

काळेवहिनी पायरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "बरं झालं. लग्नातलं तेवढंच एक धड राहिलं होतं."

*

निकाल लावला तो भिकाजीपंतांनी. मंगला गौरीजवळ राहतात, भिक्षुकी करतात. पाण्यातून आल्यावर अमुक तास विमानात बसू नये, हेही यंत्र सांगतं, असं मी वाचून दाखवलं. पंत एकदम ताठ बसले. हे तर पंचांगच, म्हणाले. वर्ज्य काळ सांगतं!

मग त्यांनी दोन्ही चित्रं मागितली. एकात चार बटणं, आलेख, टाकीतली हवासुद्धा दाखवायची सोय. दुसऱ्यात एक बटण, ढब्बू आकडे, सेल घरी बदलता येतो. टाकीच्या नळीला हवेचा काटा वेगळा असतोच, हे मी सांगितलं.

पंत म्हणाले, "मग हा साधाच. जे पंचांग वाचायला भटजी बोलवावा लागतो, ते यजमानाच्या काय उपयोगाचं? आणि पाण्याखाली मी येणार नाही."

शालूने फोनवर सांगितलं की तिचे डायव्हिंगचे सर या साध्याला भित्रा म्हणतात, तो दुसऱ्यापेक्षा लवकर बाहेर काढतो. मी म्हटलं, लवकर काढतो? मग तोच घे.

*

नवा कॉम्प्युटर बांधून ती पहिल्यांदा उतरणार तो रविवार. वर आले की गल्लीतल्या एसटीडी बूथवर फोन करते, म्हणाली होती. दिवस सगळ्यांना ठाऊक होता, पण मी कोणाला या म्हटलं नव्हतं. बूथवर गेलो तर काळे आधीच तिथे. भावाला फोन लावायचाय, म्हणाले. वहिनी भाजीला निघाल्या होत्या. पंत सावली बघून बसले होते. बचाऊ म्हणाला, नावेला डांबर लावलंय, आज धंदा नाही.

ठरलेली वेळ टळली. कोणी कोणाकडे बघेना. पंत तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत होते, ते त्यांना विचारायची माझी छाती झाली नाही.

फोनची घंटा वाजली. "बाबा, वर आले. अजून बघायचं होतं, पण यानं बाहेर काढलं."

"जेवून घे," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

काळ्यांनी भावाला फोन केला नाही. वहिनींची पिशवी रिकामीच परत गेली. मी आणि बचाऊ घाटावर उतरलो. त्याची नाव काठाला होती, आणि नावेत यात्रेकरू खच्चून भरलेले. उन्हात बसून बसून लाल झाले होते. एक जण उठून त्याच्यावर ओरडला की आम्हाला बसवून कुठे मेला होतास?

बचाऊने दोर सोडला, वल्हं उचललं.

"बिटिया क फोन आवे वाला रहल."

बचाऊला तिन्ही मुलगेच आहेत.